घरी ऐकणारं माणूस

माइक म्हणजे आपला हातखंडा विषय! बावीस वर्षं फुकुओका शहरातल्या दुकानात मी माइकच विकले. मुलीच्या लग्नात रडणारे बाप, निवडणुकीत घसा फोडणारे उमेदवार, कराओकेत बेसूर गाणारे साहेब, सगळ्यांचे आवाज लोकांपर्यंत पोचवले ते या ओकिताने! त्यामुळे या बेटावरच्या शाळेत यंत्रं सांभाळायची नोकरी मिळाली, तेव्हा मी छाती पुढे काढूनच बोटीतून उतरलो. उतरवून घ्यायला कुणी आलं नव्हतं, ती गोष्ट वेगळी.

पहिलीत मुलं पाच. रोज घरी धडा मोठ्याने वाचायचा आणि घरच्यांनी ऐकून कार्डावर शिक्का मारायचा, ही आपली जुनी पद्धत. पण इथले आईबाप पहाटे होडीवर आणि दुपारी मासळीच्या शेडमध्ये. ऐकणार कोण? म्हणून वाचनाचं सॉफ्टवेअर आलं. मूल टॅबलेटपुढे वाचणार, सॉफ्टवेअर ऐकून फुलाची खूण देणार आणि ते वाचन घरच्यांच्या फोनवर पाठवणार. त्यांनी सवडीने ऐकून तिथेच शिक्का मारायचा.

“गुरुवारी पालक वर्गात येऊन बसणार आहेत. तोपर्यंत होईल ना?” उपमुख्याध्यापिका कुवाबाराबाईंनी विचारलं.

“बाई, झालंच म्हणून समजा!”

मी पाचही टॅबलेटवर मुलांच्या नावांची लेबलं चिकटवली. पट्टी लावून, अगदी एका रेषेत! बाई म्हणाल्या, “किती नीटनेटकं!” त्या दोन शब्दांवर मी आठवडा काढला.

बुधवारी मुलं वाचायला बसली आणि पाचही टॅबलेट एका सुरात म्हणाले, “तुझा आवाज ऐकू आला नाही. पुन्हा वाच.”

मुलांनी पुन्हा वाचलं. मग ओरडून वाचलं. इरोहा नावाची चिमुरडी तर अशी किंचाळली, की शेजारच्या वर्गातले सर भूकंप समजून टेबलाखाली शिरले!

“ओकितासान, याला माझा आवाज आवडत नाही का हो?” तिने डोळ्यांत पाणी आणून विचारलं.

“त्याची काय बिशाद! कानच धरतो त्याचा.”

मुलं गेल्यावर मी दुपारभर कान धरत बसलो. सेटिंग पाहिली, परवानग्या दिल्या, सगळे बंद करून पुन्हा चालू केले. ढिम्म! शेवटी कपाटातला सहावा, बिननावाचा टॅबलेट काढला. त्यावर पाचही मुलांची नावं एकदम घातली, म्हणजे एका दमात सगळ्यांची तपासणी. शिवाय चाचणीसाठी एक खातं माझं. तर तो विचारतो, “घरी ऐकणारं माणूस कोण?” हा रकाना रिकामा सोडता येईना.  मग दूर नागोया शहरातल्या माझ्या मुलीचा, चिहारुचा, नंबर टाकला. दुसरा होताच कुठे? नव्या वर्षाच्या शुभेच्छा आल्या होत्या तिच्या. आता जून संपत आला होता.

“हॅलो, हॅलो” तरी किती वेळ म्हणणार? सहा टॅबलेट पुढे मांडले होते, पंगतीला माणसं बसवावीत तसे. पाचांना ऐकू येत नाही, मग सहाव्याला तरी काय येणार, असं धरून माझी जीभ सुटली.

“आलो बरं का!” मी म्हणालो. रोज संध्याकाळी रिकाम्या खोलीत शिरताना मी हेच म्हणतो. “आलात का” म्हणायला कुणी नसतं, फ्रिज तेवढा घुरघुरतो. “आजपण पाकिटातलीच करी. दोन माणसांचं पाकीट आणतो, उगाच. चिहारु, फोन कर गं कधीतरी. काम नसलं तरी कर. फार एकटं वाटतं.”

“सुंदर वाचलंस!” सहावा टॅबलेट टाळ्या वाजवत ओरडला. “घरी पाठवलं!”

घरी? कुणाच्या? पाच घरी, आणि वर नागोयाला! मी झडप घातली, पण पाठवलेलं परत बोलवायची सोयच त्यात नव्हती. आणि या एकट्यालाच कसं ऐकू आलं? उलटासुलटा करून पाहिला. कडेला खसखशीएवढं भोक. माइक! बाकीच्या पाचांवर नेमक्या त्याच जागी माझी लेबलं होती. पट्टी लावून, एका रेषेत!

गुरुवारी सगळं झकास चाललं. इरोहा कुजबुजली तरी फूल! पण पालक मुलांकडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघत होते. कुवाबाराबाईंनी फोन पुढे केला. “ओकितासान, पाचही घरांचे शिक्के आलेत. पहिल्यांदाच!”

खाली शेरे होते. ‘आवाज खणखणीत.’ ‘हा धडा कितवा? पुस्तकात सापडला नाही.’ इरोहाच्या तोकु आजींनी तर सगळ्यांसमोर विचारलं, “अहो, दोन माणसांची करी एकटे संपवता? तरीच पोट सुटलंय!”

सगळे हसले. मीही हसलो. हसताना माझे डोळे मात्र यादीतल्या शेवटच्या नावावर होते. चिहारुच्या नावापुढे लिहिलं होतं, ‘अजून ऐकलेलं नाही.’

शुक्रवार गेला. शनिवार गेला. रविवारी दुपारी फोन वाजला. चिहारुचा मेसेज! हातातलं काम टाकून उघडला, खोटं कशाला सांगू?

‘बाबा, काहीतरी पाठवलंय तुम्ही, पण आवाजच येत नाहीये. महत्त्वाचं होतं का? तुमचा माइक बिघडलाय बहुतेक.’

तिच्याच फोनचा आवाज बंद असणार. बावीस वर्षं याच धंद्यात काढलेली, न बघताच कळलं मला. ‘आवाज वाढवून बघ,’ एवढंच लिहायचं होतं. तीन शब्द! लिहिलेही. मग पुसले.

‘हो गं,’ मी लिहिलं, ‘माइकच बिघडलाय. बघतो.’