माकड-जॅकेटचे लेबल

ज्या वस्तूला नाव नाही ती हरवते आणि ज्या नावाला कारण नाही ते ऑडिटमध्ये अडकते. म्हणून चाकणच्या आमच्या कंपनीत केरसुणीपासून किटलीपर्यंत सगळ्याला लेबल आहे : नाव, उपयोग, नावाचे कारण. (किटलीचे कारण विचाराधीन आहे. तोवर चहा टपरीवरून येतो.)

डिसेंबरात गेटवरच्या भिमाजींनी पहिल्या शिफ्टसाठी गरम कपडा मागितला. कंपनीने उदार मनाने खलाशी घालतात तसली तीन जॅकेटं स्वस्तात घेतली : पी-कोट, रीफर आणि मंकी जॅकेट. चाकणला समुद्र नाही, पण कंपनीची दृष्टी दूरची आहे. लगेच नावांची कारणं शोधायला नामकारण समिती नेमली गेली. मी तिचा सचिव, आणि मला तिचा अभिमान आहे.

पी-कोट एका बैठकीत सुटला : जाड्याभरड्या कापडाच्या डच नावावरून. रीफरला दोन लागल्या : शिडं आवळणाऱ्या, म्हणजे 'रीफ' करणाऱ्या, शिकाऊ अधिकाऱ्यांवरून. पी-कोट स्टोअरच्या शेखर साहेबांना आणि रीफर क्वालिटीच्या तनुजा मॅडमना मिळाला. दोघांच्या केबिनला एसी असल्याने ती उपयोगीही पडली.

उरलं भिमाजींच्या वाट्याचं मंकी जॅकेट. डोलकाठीवर माकडासारखे चढणाऱ्या खलाशांवरून, की मदाऱ्याच्या माकडाच्या आखूड जाकिटावरून? अकरा बैठका झाल्या. चहा एकशे बत्तीस, निष्कर्ष शून्य.

"साहेब, माकड म्हना न्हाईतर मारुती म्हना, पन अंगात घालू द्या. पाटंचं लई गार लागतंय," भिमाजी म्हणाले.

"भिमाजी, थंडी आज आहे, उद्या नाही. लेबल कायमचं असतं," शेखर साहेब म्हणाले. ते द्रष्टे निघाले. फेब्रुवारीत थंडी गेली.

एप्रिलात एकमताने लेबल मंजूर झालं : 'नावाचे कारण : दोन्ही, किंवा दोन्ही नाही.' लगोलग ऑडिट आलं. दिलेली वस्तू वापरात दिसायला हवी, म्हणून एक्केचाळीस अंशांत भिमाजी गळ्यापर्यंत बटणं लावून गेटवर उभे राहिले. ऑडिटरने नावाचं कारण विचारलं.

"दोनी, न्हाईतर दोनी न्हाई," भिमाजी घाम पुसत म्हणाले.

पैकीच्या पैकी गुण मिळाले. (घामासाठी रकाना नाही.)

आता खरं सांगा, इथवर तुम्हीही माकडाचंच मूळ शोधत होतात ना? भिमाजींनी तो सगळा हिवाळा काय पांघरून काढला, हे तुमच्या मनात तरी आलं का? (बायकोची शाल. तीही फाटकी.) लाजू नका. समितीत एक जागा रिकामी आहे.