ढाकणे सरांचे तोंडीचे चाळीस

ढाकणे सर आमच्याकडे पोहे खायला बसले की आधी गुण वाटून घेतात. "वहिनी, मऊपणाला चाळीस, कांद्याला तीस, शेंगदाण्यांना वीस. उरलेले दहा लिंबाचे. लिंबू दिसत नाही."

"लिंबू आहे," बायको म्हणाली. "पाहुण्याच्या बोलण्याला किती गुण द्यायचे ते ठरलं की आणते."

सरांना हे एकदम पटलं.

पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या शाळेत ते मराठी शिकवतात. कशाला किती भारांश, हे त्यांचं खूळ. पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले, तर तिला एकच प्रश्न विचारला, "सासूला किती टक्के?" स्थळ मोडलं. सरांचं म्हणणं, प्रश्न अभ्यासक्रमातलाच होता.

यंदा स्वाध्यायाचे गुण कॉम्प्युटरवर भरायचे ठरलं. आधी प्रत्येक कामाचा भारांश टाकायचा, बेरीज शंभर यायला हवी. सरांची आली साडेनव्याण्णव. कॉम्प्युटर पुढे सरकेना. अख्खी दुपार विचार करून सरांनी उरलेला अर्धा टक्का 'वहीला चिंचेचा वास नसणे' याला दिला. कॉम्प्युटरने मुकाट्याने घेतला.

मुख्याध्यापकांनाही चिंच चालली. खटकले ते तोंडी परीक्षेचे चाळीस. "वह्या तपासायचा कंटाळा, दुसरं काय. दहावर आणायला सांगा त्यांना," म्हणून त्यांनी मला पिटाळलं.

संध्याकाळी सरांच्या खोलीवर गेलो. बायको वारल्यापासून ते एकटेच राहतात. मी विषय काढला.

"चिंच काढतो," सर म्हणाले. "तोंडीला हात लावणार नाही."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. आमच्या आठवीतली सुनीता होती, आईबापाबरोबर ऊसतोडीला गेलेली. तिकडून ती वही कशी दाखवणार? सरांनी स्पीकर लावला.

"सर, कविता पाठ हाय. म्हणू का?"

"म्हण."

तिने म्हटली. मधलं एक कडवं गाळलं. सरांनी भलतंच विचारलं.

"जेवलीस का गं?"

"न्हाई. आई फडातनं यायचीय. भाकरी म्याच टाकल्यात."

"थंडी आहे का तिकडं?"

"लई हाय. सर, तुमी जेवलात का?"

"जेवलो की."

शेगडीवर काहीच नव्हतं.

पलीकडून खरखर झाली आणि फोन कट झाला. मुख्याध्यापकांना काय सांगायचं ते मला कळलं होतं. मी उठायला लागलो.

"बसा थोडं," सर फोनकडे बघत म्हणाले. "रेंज आली की परत लावते ती."