कर्नलसाहेबांची अकरा वाक्यं

आमच्या कॉलनीत कुणाला कर्नल जगदाळ्यांच्या तावडीत सापडायची हौस असेल, तर त्यानं त्यांच्यासमोर एकच शब्द उच्चारावा : शक्यतो. बाकी काही करायला नको. तोंडावर शिवी दिली तर साहेब एकवेळ हसून सोडून देतील, पण 'शक्यतो' म्हटलं की माणूस संपला.

एकदा नळ दुरुस्त करणारा गेटात म्हणाला, "शक्यतो संध्याकाळपर्यंत येतो की." साहेब तिथून चालले होते. त्यांनी त्याची सायकलच धरली. "शक्यतो म्हंजे? येणार का न्हाई? व्हय का न्हाय, एक बोल." तो गडी घाबरून लगेच कामाला लागला. आता गंमत अशी, की नळ साहेबांचा नव्हताच. समोरच्या वहिनींचा होता आणि वहिनी बाजारात गेल्या होत्या. त्या परत येईस्तोवर साहेब त्यांच्या पायरीवर पहारा देत बसले.

आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी येतं, त्यामुळे सोसायटीच्या फळ्यावर 'सभासदांनी शक्यतो पाणी जपून वापरावे' ही सूचना बारमाही. साहेब येता-जाता त्यातला 'शक्यतो' लाल पेनानं खोडायचे. चेअरमननं वैतागून कागदावर प्लास्टिक लावलं, तर यांनी प्लास्टिकवर खोडलं. कुणाच्या तरी पत्रिकेत 'शक्यतो आहेर आणू नये' असं छापलेलं होतं. साहेबांनी मुलीच्या बापाला फोन केला, "आणू का नको?" बाप म्हणाला, "तुमची इच्छा." साहेब म्हणाले, "इच्छा न्हाय विचारली. हुकूम काय आहे?"

माझी गत तर विचारूच नका. माझं नवी पेठेत चादरी-टॉवेलचं दुकान. अहो, आमचा सगळा धंदा या एका शब्दावर उभा! रंग जाईल का? शक्यतो न्हाई. आटेल का? शक्यतो न्हाई. साहेब पहिल्यांदा दुकानात आले तेव्हा मीही सवयीनं तेच बोललो. त्यांनी हातातली चादर खाली ठेवली.

"तुम्ही धुऊन बघितली?"

"न्हाई."

"मग माहीत नाही म्हणा."

चादर घेतली मात्र. तीन दिवसांनी गिऱ्हाइकांची गर्दी असताना दारात उभे राहिले आणि मोठ्यांदा म्हणाले, "शेठ, रंग गेला नाही. आता छातीठोक सांगत जा." त्या दिवशी सहा चादरी खपल्या, हे कबूल केलं पाहिजे.

साहेब मूळचे टेंभुर्णीकडचे. शेतकऱ्याचा मुलगा फौजेत गेला, चढत चढत एका पलटणीचा प्रमुख झाला आणि शेवटची काही वर्षं दिल्लीत कुठल्याशा समितीवर बसून फौजेचे नियम लिहीत होता. बायको वारल्यावर सोलापुरात घर घेऊन एकटेच राहायला आले. सत्तरी ओलांडली तरी ताठ. इस्त्रीचा शर्ट, पायात चकचकीत बूट आणि घरात मात्र दोन खुर्च्या, एक कॉट, संपला संसार.

गेल्या दिवाळीनंतर ते दुकानात आले आणि चादर न बघता थेट माझ्या गादीवर बसले.

"शेठ, तुमच्या घरात कानडी बोलतात ना?"

"व्हय की. आमी लिंगायत माणसं, घरात कानडी, दुकानात मराठी."

त्यांनी खिशातून कागद काढला. "अकरा वाक्यं आहेत. मला ही कानडीत शिकवा. संक्रांतीपर्यंत."

मला हसू आलं. या वयात? मी म्हटलं, भाजी घ्यायला एवढी कानडी कशाला लागते? साहेब हसले नाहीत. त्यांनी सगळं सांगितलं, तेही रिपोर्ट दिल्यासारखं, नजर समोरच्या टॉवेलच्या थप्पीवर ठेवून.

अक्कलकोटपलीकडच्या मैंदर्गीचा शरणप्पा नावाचा जवान त्यांच्या पलटणीत होता. वर बर्फात ठाणं. बहिणीच्या लग्नासाठी त्याची रजा मंजूर झालेली, दुसऱ्या दिवशी सकाळी खाली उतरायचं, पिशवी भरून तयार. त्याच रात्री टेलिफोनची तार तुटली. तार जोडण्यात त्याच्याइतका हुशार दुसरा कुणी नव्हता. साहेब त्याला म्हणाले, "एक दिवस थांब. हे काम करून जा." सकाळी तो तार जोडायला गेला आणि वरून बर्फाचा कडा आला. याला बावीस वर्षं झाली.

"घरी पत्र गेलं इंग्रजीत. रिवाजाप्रमाणे लिहिलेलं, की रजा असूनही तुमचा मुलगा कर्तव्यासाठी स्वतःहून थांबला. खाली सही माझी." साहेबांनी समोरची थप्पी सरळ केली. "नंतर त्याच्या आईचं पत्र आलं. कानडीत. पलटणीत ते कुणाला वाचता येईना, फाइलला लागलं. पुढे दिल्लीत एका कानडी टायपिस्टनं मला वाचून दाखवलं. एकच ओळ होती. 'रजा मिळाली होती, तर माझा मुलगा घरी का आला नाही?' तिला उत्तर द्यायचं राहिलंय."

मी म्हटलं, "दुभाष्या घेऊन जायचं की साहेब."

"गेलो होतो, निवृत्त झाल्यावर. मी सांगितलं, माझी चूक झाली. दुभाष्यानं तिला कानडीत काहीतरी सांगितलं आणि तिनं मला हात जोडले. शेठ, अशा गोष्टीवर कुणी हात जोडतं का? त्यानं भलतंच सांगितलं. म्हणून आता मी स्वतः बोलणार."

शिकवणी आमच्या घरी सुरू झाली. रोज सकाळी साहेब गच्चीवर येरझाऱ्या घालत वाक्यं घोकायचे, तेही परेडच्या आवाजात. कॉलनीला वाटायचं कुणाला तरी झापताहेत. सरावासाठी त्यांनी दूधवाल्या सिद्रामला धरलं. कानडीत 'हालु' म्हणजे दूध आणि 'हाळु' म्हणजे नासाडी. साहेब आठवडाभर त्याला ठणकावून सांगत होते, मला एक लिटर नासाडी पाहिजे. सिद्राम मला म्हणाला, "काय बोलणार अण्णा, साहेबांचा आवाजच असा, की मी गुमान व्हय म्हणतोय."

पण आमच्या हिनं एकदा त्यांना शिकताना ऐकलं आणि ती स्वयंपाकघरात जाऊन रडली. अकरा वाक्यं तिलाही पाठ झाली होती.

आता माझा गुन्हा सांगतो. नववं वाक्य होतं, 'मी त्याला थांबवलं.' म्हातारी आई, ऐंशीच्या घरातली. तिच्या तोंडावर जाऊन हा माणूस असं बोलणार? तिला काही झालं तर? आणि यांना काय मिळणार, शिव्याशाप? मी दुकानदार माणूस, आयुष्यभर गिऱ्हाइकाला बरं वाटेल तेच बोलत आलेलो. मी त्यांना शिकवलं, 'अवा निंता.' म्हणजे, तो थांबला. फरक तो केवढासा, असं मी मनाशी म्हटलं.

संक्रांतीच्या आठवडाभर आधी साहेब भर दुपारी दुकानात आले.

"शेठ, नववं वाक्य."

"काय झालं?"

"सिद्राम म्हणतो, निंता म्हणजे आपणहून थांबला. थांबवलं म्हणायचं तर 'निल्लिसिदे'. खरं का?"

मी गिऱ्हाइकाकडे बघायला लागलो.

"व्हय का न्हाय?"

"व्हय."

मला वाटलं, आता दुकान डोक्यावर घेणार. पण ते गादीवर बसले आणि अगदी हळू आवाजात बोलले. "दिल्लीत मी एक नियम लिहिला होता. घरच्यांना बातमी द्यायची ती समोर बसून, त्यांच्या भाषेत, आणि जे घडलं तेच सांगायचं. तीन वर्षं भांडलो त्यासाठी. नियम मंजूर झाला. छापून हातात आला तर त्यात एक शब्द जास्तीचा. हिंदीत 'यथासंभव'. आपल्या भाषेत काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे. त्या एका शब्दानं सगळा नियम पुसला शेठ. ज्याला जायचं नाही, त्याला न जायची सोय झाली. ते परके होते. तुम्ही तर माझे शेजारी."

मला लाज वाटली, दुसरं काय. इतकी वर्षं आम्ही ज्या माणसाच्या वेडाला हसत होतो, त्याचं दुखणं हे होतं. मी उठलो, शटर अर्धं ओढलं आणि त्यांना नववं वाक्य नव्यानं शिकवलं. 'ना अवन्न निल्लिसिदे.' त्यांनी ते चाळीस वेळा तरी म्हटलं असेल.

संक्रांत झाल्यावर माझ्याच गाडीतून निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी कणसात आली होती. अक्कलकोटपर्यंत साहेब वाक्यं म्हणत होते. मैंदर्गीची वेस दिसल्यावर म्हणाले, "शेठ, मी बोलायचं शिकलो. ती काय बोलेल ते मला कळणार नाही."

"मी हाय की सांगायला."

"तुम्ही गाळाल."

"न्हाई गाळणार, साहेब. शब्द देतो."

नीलव्वा, म्हणजे शरणप्पाची आई, सोप्यात बाजेवर बसली होती. हातापायांच्या काड्या झालेल्या, पण नजर लख्ख. तिची सून, धाकट्या मुलाची बायको, पाणी देऊन बाजूला उभी राहिली. भिंतीवर वर्दीतला शरणप्पाचा फोटो. म्हातारी म्हणाली, "कुंदर्रि," म्हणजे बसा. साहेब बसले नाहीत. बूट बाहेर काढून ठेवलेले, मोज्यांवरच सावधानमध्ये उभे राहून त्यांनी सुरुवात केली.

उच्चार कच्चे होते, पण एकही शब्द चुकला नाही. मी त्याचा साहेब होतो. त्याची रजा मंजूर झाली होती. त्याची पिशवी भरलेली होती. त्या रात्री तार तुटली. असं करत आठ वाक्यं झाली आणि नवव्याला साहेब अडकले. ओठ हलत होते, आवाज फुटेना. घाईगडबडीत आपली मराठीच तोंडात आली, "मग... मग..."

आता आमच्या कानडीत 'मग' म्हणजे मुलगा. म्हातारीनं मान वर केली. "हूं," ती म्हणाली, "नन्न मग." माझा मुलगा.

ते ऐकून साहेबांना वाक्य सापडलं. "ना अवन्न निल्लिसिदे."

म्हातारी बाजेवरून पुढे सरकली. पुन्हा सांगा म्हणाली. त्यांनी सांगितलं. तिनं तिसऱ्यांदा विचारलं, त्यांनी तिसऱ्यांदा सांगितलं. मग उरलेली दोन. तो घरी यायला निघाला होता. चूक माझी आहे.

मग म्हातारी बोलायला लागली. माझ्याकडे न बघता, सलग, आवाज चढवून. साहेब माझ्याकडे बघत होते. मी एकेक वाक्य मराठीत सांगत गेलो.

"त्या म्हणतात, बावीस वर्षं मी माझ्या लेकरावर रुसून बसलेय. गावातल्या मास्तरनं पत्र वाचून दाखवलं, की तुमचा मुलगा स्वतःहून थांबला. नंतर तुम्ही आलात, तेव्हा तुमच्या माणसानंही तेच सांगितलं, वर शाबासकी दिली. सख्ख्या बहिणीचं लग्न सोडून हा थांबला कसा? आईपेक्षा याला तार मोठी झाली? सून दर वर्षी त्याच्यापुढं नैवेद्य ठेवते. मी नाही ठेवला. एकदाही नाही."

माझं ते नववं वाक्य तसंच राहिलं असतं तर? पुढचं बोलायला मला धीर होईना.

"पुढे," साहेब म्हणाले. "गाळू नका."

"त्या म्हणतात... तुम्ही बावीस वर्षं कुठं होता? तुमच्या एका खोट्या शब्दानं मी माझ्या मेलेल्या पोराला दूर लोटलं. याची माफी माझ्याकडं मागू नका. माझ्याकडं ती नाही."

"बरोबर आहे," साहेब मराठीतच म्हणाले आणि त्यांनी मान खाली घातली.

नीलव्वानं सुनेला हाक मारली. सुनेनं ताट आणलं. भाकरी, वांग्याची भाजी, शेंगाचटणी, संक्रांतीतला तीळगूळ. म्हातारीनं सुनेचा हात बाजूला सारला, दोन्ही हातांनी ताट धरलं आणि भिंतीला खांदा टेकत टेकत फोटोपर्यंत गेली. ताट खाली ठेवलं, पदरानं काच पुसली आणि लहान पोराला बोलावतात तशा आवाजात म्हणाली, "बारो शरणू, ऊटक्क बा."

"काय म्हणाल्या?"

"त्याला जेवायला बोलावताहेत."

साहेबांचा चेहरा मला बघवेना. ते वळले आणि हळूच दाराकडे निघाले, बूट घालायला. म्हातारीनं मागं वळूनही पाहिलं नाही, पण तिथूनच काहीतरी खेकसली. साहेब उंबऱ्याशी उभे राहिले.

"मला जायला सांगताहेत का?"

"न्हाई, साहेब," मी म्हणालो. "पोरगं जेवतंय. त्याचं होईस्तोवर घरातनं कुणी उठायचं न्हाई, म्हणताहेत."

साहेब होते तिथेच, जमिनीवर मांडी घालून बसले.