किसनभाऊजींचं रॉक

आमच्या लोणीत उसाला रॉक ऐकवणारा माणूस एकच, आमच्या शेजारचे किसनभाऊजी. तसे स्पीकर सगळेच लावतात बरं का. उसात बिबट्या बसतो. आवाज आला की बांधाकडं फिरकत नाही म्हणतात. म्हणून कुणी भजन लावतं, कुणी बातम्या. भाऊजींचा ड्रम सुरू झाला की आमची म्हैस पान्हा चोरते.

ती गाणी त्यांच्या भाचीची. अवसरीच्या कॉलेजात शिकताना ती मामाकडं राहायची. तिच्या ओळखीच्या पोरांनी खोलीत बसून नवा अल्बम केलेला, तो दिवसभर लावायची. तेव्हा भाऊजी खेकसायचे, "बंद कर ते डबडं!" पोरगी नोकरीला पुण्याला गेली, पेनड्राइव्ह इथंच राहिला, आणि मग भाऊजींना प्रेम फुटलं!

आता डेअरीवर दूध घालतानाही तेच. "वैनी, गानाऱ्याकडं समदेच बघत्यात. पर मागं जाड तारेचा गिटारवाला हाय ना, गाडा त्यो वढतोय."

गाण्यात कुणी बोललं की हात वर. "गप राव, गिटार चाललीय."

पोरं खोड काढतात, "भाऊ, बिबट्या नाचतो का वो?"

"त्याला कळतंय. तुमास्नीच कळत न्हाई."

पुढची गाणी कधी येणार म्हणून त्यांनी भाचीला फोन लावला. ती म्हणाली, "मामा, लई उशीर केला तुमी. बँड कधीच फुटला."

"एवढ्या लवकर भाऊबंदकी?" म्हणाले, आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

हे वेड लागलं ते सुमन गेल्यावर. सुमन त्यांची बायको. भर दुपारी जनावरांसाठी कडवळ कापायला वाकली होती, बिबट्यानं मानेला धरून उसात नेली. तेव्हापासून स्पीकर. त्यातही शेवटचं गाणं पुन्हा पुन्हा. त्यात शब्दच नाहीत, पोरगा नुसता गळा फाडून ओरडतो.

यंदा ऊस तुटून गेला. रान उघडं पडलं, बिबट्याला लपायला जागा नाही. तरी स्पीकर चालूच. आळीतल्या बायका वैतागल्या. कुणाचं तान्हं झोपेना, कुणाची सासू आजारी. मला म्हणाल्या, "आक्का, तुमचंच ऐकतील. बंद करायला सांगा."

मी गेले. भाऊजी बांधावर एकटेच बसलेले.

"भाऊजी, ऊस गेला. आता कुणासाठी लावताय?"

त्यांनी उघड्या रानाकडं बोट दाखवलं. मग म्हणाले, "वैनी, वराडलं की बिबट्या तोंडातलं टाकून पळतोय. बारकं पोरबी सांगंल. मी जवळच व्हतो. तोंड उघडलं, पर आवाजच फुटंना. ती माझ्याकडंच बघत व्हती."

स्पीकरवर तो पोरगा ओरडत होता.

"हे बघा. असं वराडाया पायजे व्हतं."

गाणं संपलं. त्यांनी परत लावलं.

मी माघारी आले. बायका दारात वाट बघत होत्या. म्हटलं, "खिडक्या लावून घ्या गं."