विष्णूची चिमूट

विष्णूबद्दल लिहायचं मी इतकी वर्षं टाळलं. कारणं भक्कम होती: आधी भातलावणी, मग मोतीबिंदू, आणि बाराही महिने भित्रेपणा.

रोहा तालुक्यातल्या खांबजवळच्या आमच्या गावात लग्न असलं की पाहुणे जेवणाच्या रांगेत उभे राहत आणि विष्णू उष्ट्याच्या पिंपाजवळ, हातात गोणी घेऊन. नवरदेवाच्या मामाने कलिंगडाची फोड संपवली की हा अदबीने पुढे होई. "साल टाकू नका हो, आमच्या मंडळींना व्हईल."

मंडळी म्हणजे त्याच्या तळ्यातले रोहू-कटले. बायको गेल्यापासून त्याच्याशी बोलायला तेवढेच उरले होते.

रोह्याच्या ज्यूसवाल्यांकडून डाळिंबाच्या, पपईच्या साली आणायच्या, पत्र्यावर कडक वाळवायच्या, दळायच्या आणि कोंडा-पेंडीत मिसळून माशांना घालायच्या. गिरणीवाल्याने एकदाच दळून दिलं. त्या दिवशी सरपंचबाईंच्या भाकऱ्या पिवळ्या आणि कडू झाल्या. पुढे विष्णू पाट्यावर वाटू लागला.

"पपई पचनाला, अण्णा. डाळिंब रोगाला. पण चिमूटभरच हां! जास्त झाली तर तोंड फिरवतात."

"आणि बीपीला काय देतोस?" मी विचारायचो. लोक हसायचे. विनोदी माणूस म्हणून गावात माझं नाव होतं. ते टिकवायला विष्णू फार उपयोगी पडला. त्याचे मासे मात्र चकचकीत, अंगावर एक डाग नाही. हे मी कुणाला बोललो नाही.

एका उन्हाळ्यात मी भातावर कीटकनाशक फवारलं. दुसऱ्या दिवशी कालव्याचं पाणी खाचरात जास्त झालं, म्हणून बांध फोडून दिला. खाली विष्णूचं तळं आहे हे मला ठाऊक होतं. पण पाणी ओढ्याकडे वळवायला चार फावडी जास्त मारावी लागली असती.

सकाळी सगळी मंडळी पोटं वर करून तरंगत होती. काठावर गाव जमला. कुणीतरी विचारलं, "कशानं मेले?"

"फ्रूट सॅलड बाधलं," मी म्हणालो. माझा सर्वांत गाजलेला विनोद.

विष्णूने सालींच्या गोण्या पुरल्या आणि संध्याकाळी माझ्या ओट्यावर आला. "अण्णा, तुमच्या शेतापर्यंत वास जातोय. माफ करा. चिमूट मोठी झाली वाटतं माझी."

मी त्याला माफ केलं. वर चहाही पाजला.

पुढे तो पेणला लेकीकडे राहायला गेला. गेल्या वर्षी मी भेटायला निघालो. रोह्याहून गाडीत बसलो. निडी स्टेशन येईपर्यंत त्याला सांगायचं वाक्य पाठ झालं होतं.

विष्णूने माझ्यासाठी मोसंबं सोललं. साली तळहातावर गोळा केल्या, क्षणभर बघत राहिला, मग उठून कचऱ्यात टाकल्या.

"विष्णू, ती तुझी चिमूट..."

"रोज आठवते, अण्णा. इतकी वर्सं बरोबर पडली. त्याच दिवशी कशी चुकली, कळत नाय."

मी म्हणालो, "मोसंबं गोड आहे रे."

या पावसाळ्यात तो गेला.

चिमूट बरोबर होती, विष्णू. पाणी माझं होतं.