नानांची तांब्याची बाई

आमच्या वाटणीच्या रानात कुसळं सोडून काही उगवत नव्हतं. विट्याच्या आसपासच्या गावांत तेव्हा पोटापाण्याचा एकच खात्रीचा रस्ता होता. मिसरूड फुटायच्या आत घर सोडायचं, लांबच्या कुठल्यातरी शहरात सराफांच्या गल्लीत भट्टी लावायची आणि जुनं सोनं-चांदी गाळून द्यायचं. गलाईचा धंदा म्हणतात त्याला. माझे थोरले चुलते, नाना, असेच कोचीला गेले. त्यांनी तिथून धाडलं त्यावर आमचं घर जेवलं आणि मी घराण्यातली पहिली पदवीधर झाले. हे मी कुणालाही ताठ मानेनं सांगते.

पदवीचा कागद मी आधी नानांच्या हातात दिला. त्यांनी खिशातून भिंग काढलं. कागद उजेडाकडं धरून तिरका केला, चारी कडा निरखल्या आणि म्हणाले, "छपाई झ्याक हाय. पर कोपरा दुमडलाय. पंचावन्न."

"कितीपैकी?"

"सत्तर."

नाना जगातल्या प्रत्येक गोष्टीला सत्तरपैकी गुण देतात. ही रीत अमेरिकेतल्या जुन्या तांब्याच्या नाण्यांची. तिकडं पूर्वी सेंट नावाचं नाणं जवळपास आपल्या राणीछाप रुपयाएवढं थोराड असायचं, अस्सल तांब्याचं. एका अंगाला मोकळ्या केसांच्या बाईचं तोंड, दुसऱ्या अंगाला पानांची माळ. बाईच्या केसांच्या बटा किती झिजल्या ते बघायचं आणि नंबर द्यायचा. कोचीत कुणीतरी बंदरावरच्या जुन्या वखारीतली तांब्या-पितळेची मोड गाळायला आणली होती, त्यात अशी एक बाई निघाली. नाना तिला मुशीत टाकणार, एवढ्यात "तिनं माझ्याकडं बघितलं," असं नाना सांगतात. जन्मभर वितळवण्याचं काम केलेला माणूस त्या दिवसापासून न वितळवलेलं जमवायला लागला.

धंदा सोडून नाना गावी परतले, तेव्हा ट्रंकेत कपडे कमी आणि तांबं जास्त होतं. मग गावाचीच परीक्षा सुरू झाली. एसटीला बावीस. शेजारच्या म्हशीला अठ्ठेचाळीस, "शिंग मोडलंय म्हनून, न्हाईतर साठ." मला बघायला आलेला मुलगा चहा पिऊन गेल्यावर सगळे नानांच्या तोंडाकडं बघत बसले. नाना म्हणाले, "घासलंय."

हा त्यांचा सगळ्यात वाईट शेरा. तांब्यावर वर्षानुवर्षांची तपकिरी साय धरते, ती त्याची अब्रू. कुणी चकाकी आणायला ती घासून काढली, की नाणं मेलं. "झिजल्याला नंबर हाय, घासल्याला नंबर न्हाई," असं नाना देवळाच्या पारावरसुद्धा ऐकवतात. त्यांच्या सख्ख्या भावानं, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकदा हौसेनं जुनं नाणं आणून दिलं. "घासलंय," म्हणून नानांनी ते त्यांच्याच खिशात परत घातलं. वडील आठवडाभर बोलले नाहीत. नानांना ते कळलंही नाही.

काकू या सगळ्याला सवत म्हणायची. नाना कोचीत असताना ती इथं रान, म्हातारा-म्हातारी आणि आम्हा पोरांना सांभाळून राहिली. नाना जत्रेला यायचे, जत्रा उठली की जायचे. "कपाळाला कुकू न्हाई, केस मोकळं," ती नाण्याकडं बोट करून म्हणायची, "आन ह्यांचा डोळा काय हलत न्हाई बया!"

गेल्या साली सांगलीत जुन्या नाण्यांचं प्रदर्शन ठरलं. पुण्या-मुंबईचे जाणते लोक येणार होते. नानांनी ती पहिली, कोचीची बाई मांडायची ठरवली. पन्नासच्या वरचं नाणं होतं. पंगतीला निघाल्यासारखे नाना खूश होते.

आणि मध्ये आली घटस्थापना. काकूनं घरातलं तांबं-पितळ अंगणात काढलं.

"आवं, हिकडं या की!" तिनं हाक मारली. "तुमच्या बाईला न्हाऊ घातलंय."

ताटात नाणं लखलखत होतं. कालच ओतल्यासारखं गुलाबी. नानांनी भिंग काढलं, पण डोळ्याला लावलंच नाही.

"कवा घासलीस?"

"आत्ताच, घागरीसंगट. चिंच-मीठ लावून. एवढ्या मानसांत जायाची, अशी काळीठिक्कर कशी धाडायची?"

"लय चकचकीत झालीया," नाना म्हणाले आणि परसात जाऊन आडाचं पाणी शेंदायला लागले. हौद काठोकाठ भरलेला होता.

त्या रात्री जेवताना काकू म्हणाली, "सांगलीला मीबी येनार." आजवर ती नानांबरोबर कुठंच गेली नव्हती. मी नानांना बाजूला घेऊन म्हटलं, "दुसरं नाणं मांडा. तिथं कुणीतरी बोलणारच, आणि तिला कळणार."

"तिनं जे घासलं तेच मांडायचं," नाना म्हणाले. "तिला तेच बघायचंय."

सांगलीच्या हॉलमध्ये काकूनं टेबलावर घरची चादर अंथरली, नाणं मधोमध ठेवलं आणि शेजारी बसली. नाना मात्र दिसेनात. मी शोधायला गेले तर ते प्रत्येक टेबलापुढं हात जोडून उभे.

"सायेब, एक इनंती हाय. माझी मालकीन आलीया. माझ्या नान्याला तिच्या म्होरं नाव ठिवू नका. मागनं मला येडा म्हना, चालंल."

सख्ख्या भावाला ज्यानं एक गुण वाढवून दिला नव्हता, तो माणूस खोटं बोला म्हणून परक्यांना विनवत होता.

थोड्या वेळानं पुण्याचे एक डॉक्टर आले. मोठे संग्राहक. त्यांनी भिंग लावलं आणि कारलं चावल्यासारखं तोंड झालं. त्यांनी नानांकडं बघितलं. नाना छताकडं बघत होते.

"वहिनी," डॉक्टर म्हणाले, "काय लकाकी आहे हो!"

"व्हय की! पर चिंच जुनी पायजे बरं का, डाक्टर. नव्या चिंचंला जोर नसतोय. तुमचीबी आना, देते घासून."

"हो, हो," म्हणत डॉक्टरांनी आपली पेटी दोन्ही हातांनी छातीशी धरली.

दिवसभर माणसं येत राहिली, वाकून वाहवा करत राहिली. काकू प्रत्येकाला कृती सांगत होती. नाना शेजारी बसून मान डोलवत होते. मध्येच तिच्या खांद्यावरून घसरलेला पदर त्यांनी हळूच सारखा केला. मी दुसरीकडं बघितलं.

बक्षीस दुसऱ्याला मिळालं, आणि ते रास्त होतं. पण काकू त्या दिवशी पहिल्यांदा नानांच्या टेबलाशी, त्यांच्या बरोबरीनं बसली, आणि दुपारची भाकरी दोघांनी एकाच डब्यातून खाल्ली.