भाचीचा उतार आणि वाचनालयाचं दार

इंजिनियरिंगच्या मुलांना समाजसेवा शिकवायला माझ्यासारखाच माणूस हवा! भाची म्हणाली, "मामा, पास व्हायचं तर समाजाची एक तरी अडचण सोडवावी लागते. खरीखुरी!" मी तिला तडक आमच्या वाचनालयाच्या पायऱ्यांपाशी नेऊन उभं केलं. निवृत्त मुख्याध्यापिका बाई चाकांच्या खुर्चीत बसू लागल्यापासून त्या पायऱ्या त्यांना बंद झाल्या होत्या. मी पुस्तकं घरी पोचवायचो, तर म्हणायच्या, "निवड तुमची, शिक्षा मला!"

भाचीने आणि तिच्या मैत्रिणींनी असा देखणा उतार बांधला, की धडधाकट माणसंही पायऱ्या विसरली. देखरेख अर्थातच माझी!

तपासणीला त्यांचे सर आले. अट एकच : बाईंनी कुणाचाही हात न लागता आत जायचं. नाहीतर भाचीचं वर्ष गेलं.

बाई लढाईवर निघाल्यासारख्या चढल्या. वर पोचल्या. दाराची मूठ धरून ओढली. दार बाहेर उघडलं, खुर्चीवर आदळलं, आणि बाई दुप्पट वेगाने उलट्या निघाल्या! खाली सर वाकून उताराचा कोन मोजत होते. त्यांना मागच्या मागे घेऊन खुर्ची कुंड्यांमध्ये थांबली.

"दार बाहेर उघडतं?" भाची किंचाळली. "मापं घेताना तर ते उघडंच होतं!"

"मीच धरून उभा होतो ना," मी अभिमानाने सांगितलं. "म्हटलं, पोरींना उजेड हवा."

"मामा, तुम्ही गप्प बसा!"

सर माती झटकत उठले. "प्रयोग फसला."

"कोण म्हणतं?" बाई कडाडल्या. "घंटा झाली का? मुलींनो, ते दार उतरवा! मला पुस्तकं हवीत, दार घेऊन काय करू?"

चौघी बिजागऱ्यांवर तुटून पडल्या. दार भिंतीला टेकलं. बाई पुन्हा चढल्या आणि थेट आत! सगळी कपाटं धुंडाळून, मांडीवर हनुवटीपर्यंत पुस्तकं रचून त्या बाहेर आल्या, तेव्हा सरांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. भाची पास! वर्गात पहिली!

सरांनी समाजाच्या सहभागाचं खास कौतुक केलं. सरकतं दार बसेपर्यंत भटकी कुत्री अडवायला चौकटीत कुणीतरी बसायला हवं होतं. बाईंनी विचारलं, "रिकामं कोण आहे?" एकमताने निवड झाली.

कुत्री मला जुमानत नाहीत. त्यातलं एक आत्ता कादंबऱ्यांच्या कपाटाखाली घोरतंय.